उलटा ठेवलेला मिक्सर

मितालीला सिनेमा दाखवायचा हे माझ्या सासऱ्यांनी तिच्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. पाळण्यात घातल्या घातल्या तिने असा काही टाहो फोडला, की जमलेल्या बायकांचं गाणं कुणाला ऐकूच गेलं नाही. तेव्हा बाबा कौतुकाने म्हणाले होते, "गला बगा पोरीचा! माज्या आयचा गला आलाय. मालूबाय परत आली घरात."

मालू ही त्यांची आई, धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायचा तेव्हा येतो, पण मान धवलारणीचा. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा लग्न लागलं म्हणायचं. मी सून म्हणून आले त्याच्या कितीतरी आधी मालू गेली. तिचा फोटोही घरात नव्हता. होतं ते फिल्मचं एक रीळ. बाबांच्या तरुणपणी मुंबईची काही मंडळी मिठागरांवर छोटीशी फिल्म करायला गावात आली होती, आणि गावातल्या एका लग्नात गाणारी मालू त्यांच्या कॅमेऱ्यात सापडली होती. हे रीळ त्यांनीच पुढे बाबांना दिलं. ते रीळ चालवायचा प्रोजेक्टरही बाबांकडेच होता. जत्रांमध्ये पडदा बांधून सिनेमा दाखवणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली ते मशीनवर होते, आणि त्याने धंदा बंद केला तेव्हा मशीन बाबांना देऊन टाकलं. विमानतळासाठी गाव उठलं, सगळ्यांनी करंजाड्याला घरं बांधली, तेव्हा टेम्पोत आधी देव चढले आणि मग हा प्रोजेक्टर, असं परेश सांगतो. परेश म्हणजे माझा नवरा. उरणकडे बंदरात नोकरीला आहे.

"दोन वर्षांची होऊ दे," बाबा म्हणायचे. "मंग तिला तिची पनजी आयकवतो. कानावर पडला पायजे. गला कानातून उतरतो."

आणि मितालीला ऐकूच येत नव्हतं.

हे मला आणि परेशला ठाऊक होतं, बाकी कुणालाच नाही. वाढदिवसाच्या महिनाभर आधी वाशीला तिला झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासणी केली होती. डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, दोन्ही कानांना मशीन लावू, काही महिने बघू, नाहीतर ऑपरेशनचा विचार करू, तुम्ही वेळेत आलात. वेळेत! मला मात्र शंका आली होती ती पार मागच्या वर्षी, नात्यातल्या एका हळदीत. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते पनवेलच्या माणसाला सांगायला नको. स्पीकरच्या भिंतीसमोर सगळी पोरं रडत होती, कान दाबत होती, आणि मिताली माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. बायका म्हणाल्या, "केवडी गुणाची पोर हाय गं!" मी हसले. घरी येऊन रात्रभर तिच्या उशाशी चमचे वाजवत बसले.

परेशचं म्हणणं पडलं, "वाढदिवस होऊ दे. बाबांचा सिनेमा होऊ दे. मग सांगू."

मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मला एक दिवस हवा होता. ज्या दिवशी माझ्या मुलीला कुणी 'बिचारी' म्हणणार नाही, असा. एकदा कळलं, की बाबा ते मशीन पुन्हा पेटीत घालतील, पेटी माळ्यावर जाईल, आणि मिताली या घरातलं एक दुःख होऊन बसेल, याची मला मनातून खात्री होती. बाबा वाईट नाहीत म्हणूनच ही भीती. वाईट माणसाशी भांडता येतं.

वाढदिवसाच्या दुपारी बाबांनी खालच्या हॉलमध्ये टेबल मांडलं, खिडक्यांना चादरी लावल्या, समोरच्या भिंतीवर पांढरं बेडशीट ताणून बसवलं. प्रोजेक्टर तेलपाणी करून चकचकीत केला होता. फिल्मचा एक तुटका तुकडा मला दाखवत म्हणाले, "रंजिता, तू शिकलेली हायस. सांग, ह्याच्यात आवाज कुटं हाय?"

"कडेला?"

"बराबर. ही बग, चित्राच्या बाजूला पांडरी रेग. नदीसारखी बारीक-मोटी होते ना? हा आवाज. इथं खाली एक छोटा दिवा हाय, त्याचा उजेड रेगेतून जातो. पलीकडं डोला हाय. तो उजेड बगतो आनि मशीन त्याचा आवाज करते."

"फोटोसेल."

"तोच. डोला."

मिताली माझ्या कडेवर होती. तिने तुकडा हातातून ओढून घेतला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. तिला काहीही दिलं तर आधी उजेडात धरते. बाबा खूश झाले. ते एवढ्या प्रेमाने समजावत होते, आणि नेमकं आवाजाचंच.

हरेश आला तो हसत. बाबांचा पुतण्या, हळदी-साखरपुड्यांना साउंड लावतो. आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर, दोन मोठे स्पीकर, वायरींचं भेंडोळं घेऊन आला. प्रोजेक्टरकडे बघून त्याने हात जोडले. "काका, ही मशीन वयानं माज्यापेक्षा मोटी हाय. आधी पाया पडू का आधी जोडू?"

"आधी हात धू. तेलकट हात लावशील रीळला."

मशीनचा स्वतःचा स्पीकर उंदरांनी कुरतडला होता. म्हणून आवाज हरेशच्या मिक्सरमध्ये घ्यायचा आणि तिथून त्याच्या स्पीकरला द्यायचा, असा बेत होता. बाबांनी वायर उचलली आणि सरळ मिक्सरच्या भोकात घालायला निघाले. हरेश ओरडलाच, "काका! मारता काय माज्या मिक्सरला? ही वायर स्पीकर हलवायची हाय, तिच्यात दम हाय. मिक्सरला नुसती कुजबुज लागते. डायरेक दिली तर चॅनेल जलून जाईल."

"मंग कर ना कुजबुज."

"तीच करतो." त्याने पिशवीतून एक लोखंडी डबी काढली आणि मशीन व मिक्सरच्या मध्ये लावली. दमदार आवाज एका बाजूने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने बारीक करून द्यायचा, एवढंच तिचं काम. मग मिक्सर चालू केला, मशीनचा छोटा दिवा पेटवला, आणि हळूच बटण वर सरकवलं.

हॉलभर भोंगा घुमला. गूंऽऽऽ. मिक्सरवरचे हिरवे दिवे एकावर एक चढत गेले, वरचा पिवळाही लागला.

"रीळ तर लावलंच नाय अजून," बाबा म्हणाले. "हा कोन गातोय?"

"अर्थिंगचा लफडा हाय," हरेश म्हणाला, आणि कामाला लागला. त्याने डबीवरचं बटण फिरवलं, मिक्सरचा प्लग दुसऱ्या बोर्डात घातला, वायर बदलली. गूंऽऽऽ तसाच. बाबांनी मशीनच्या पोटात फुंकर मारली, स्क्रू आवळले. "जत्रेत कंदी असा नाय झाला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "भुंगा सोडलाय काय घरात? सांजचे मानसा येतील, त्यांना ह्योच आयकवनार?"

"तू वड्या थाप," बाबा म्हणाले.

"वड्या झाल्या. तुमचाच काय होत नाय."

हरेश घामाघूम झाला होता. म्हणाला, "वैनी, जरा लाइट बंद करा, मशीनचा दिवा नीट पेटतो का बगू दे."

मी बटणाकडे गेले नाही. "लाइट राहू दे, भाऊजी. ती घाबरते अंधाराला."

"सिनेमा उजेडात बगनार?"

"कोपऱ्यातली ट्यूब चालू राहू दे. टेबलावरची. पडद्यावर नाही पडणार तिचा उजेड."

सासूबाई म्हणाल्याच, "सारखी कडेवर, सारखा उजेड. अशानं पोर बोलंल कवा? परेश या वयात शिव्या द्यायचा."

अंधारात मिताली का किंचाळते ते मला वाशीहून परत येताना, खारघरच्या पुढे कुठेतरी, एकदम कळलं होतं. आपल्याला अंधारात आईचा आवाज असतो. तिला अंधारात कुणीच नसतं. दिवा गेला की आख्खं घर जातं. ते कुणाला न सांगता ट्यूब चालू ठेवायची, तर लाडावलेल्या पोरीची भित्री आई व्हावं लागत होतं. होत होते.

मिताली टेबलाकडे झेपावायला लागली. मी तिला खुर्चीवर उभी केली आणि मागून कमरेला धरलं. तिची नजर मिक्सरवरच्या दिव्यांवर खिळली होती. तिने एक हात लांब करून मशीनच्या त्या भागावर नेला जिथे छोटा दिवा आणि डोळा होता. त्याच्यावरचं झाकण घर बदलताना कुठेतरी हरवलं होतं. मी तिचा हात धरणार, एवढ्यात मिक्सरवरचे दिवे सरसर खाली आले. गूंऽऽऽ बारीक झाला.

तिने हात काढला. दिवे वर. गूंऽऽऽ.

हात नेला. दिवे खाली.

मिताली खदखदून हसली.

"ए मितू, हात काड! भाजंल!" हरेश तिच्या मागून ओरडला.

"थांब," बाबा म्हणाले. "काडू नको. बाय, परत कर."

ती करतच होती. हात पुढे, हात मागे. तिची पंज्याएवढी सावली त्या डोळ्यावर पडायची आणि भोंगा गप्प व्हायचा. बाबांनी वर ट्यूबकडे बघितलं, मग खाली डोळ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ट्यूब गाते ही! डोला ट्यूबला बगतोय! जत्रेत काळोख असायचा रे, कंदी कललाच नाय."

विजेवरचा दिवा आपल्याला स्थिर दिसतो, पण तो सारखा थरथरत असतो. रेघेची थरथर आणि दिव्याची थरथर त्या डोळ्याला सारखीच. कॉलेजात मी हे शिकले होते आणि टेबलापाशी उभी राहून मला ते सुचलं नव्हतं. तिघांनाही सुचलं नव्हतं.

"काका, ही तर इंजिनेर निघाली," हरेश म्हणाला. "मी तिला माज्या धंद्यात घेतो."

"तुज्या धंद्यात? ही मालूबायची पनती हाय!" बाबांना आनंद मावत नव्हता. ते मितालीच्या पाठीमागे उभे होते. वाकून त्यांनी हाक मारली, "मिताली! बाय माजी!"

ती दिव्यांशी खेळत राहिली.

"मिताली!"

हात पुढे, हात मागे.

मी चटकन तिच्या खांद्याला हात लावायला गेले. घरात मी नेहमी तेच करायचे. कुणी हाक मारली की हळूच स्पर्श करायचा, ती वळायची, आणि हाक मारणाऱ्याला वाटायचं आपल्याच आवाजाने वळली. वर्षभर मी असं करत आले होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण बाबांची नजर नेमकी माझ्या हातावर होती. त्यांनी मान हलवली. नको, अशी. माझा हात तिथेच राहिला.

बाबांनी तिच्या डोक्यामागे दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

हरेशने दचकून मिक्सरचं बटण खाली ओढलं. भोंगा थांबला, दिवे विझले. मिताली तेव्हा वळली. दिवे का गेले, असं विचारत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत.

"कवापासून ठाव हाय तुला?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"तपासणी महिन्याआधी झाली. मला त्याआधीपासून वाटत होतं." आणि मग मी सगळं बोलत सुटले. मशीन लागेल, बोलायला शिकवतात, ऑपरेशन होतं, पुष्कळ मुलं ऐकायला लागतात, आम्ही उद्या सांगणारच होतो. मी इतक्या भराभर बोलत होते जणू कुणी तिला माझ्याकडून काढून घेणार होतं.

"परेशला?"

"माहीत आहे."

बाबांनी मशीनचा छोटा दिवा बंद केला. फिल्मचं रीळ उचलून डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, आणि डबा हातात घेऊन गच्चीचा जिना चढून गेले.

हरेश वायरी गुंडाळू की नको, अशा विचारात उभा होता. "वैनी, मी कुनाला नाय बोलनार," एवढंच म्हणाला. सासूबाई दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या हातून मितालीला घेतलं आणि आत नेलं. मला वाटलं, झालं, सुरू झालं. पण आतून वडीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला, आणि त्यांचा आवाज, "खा. गरम हाय, फुंकून देते," आणि मग पुन्हा तेच, जास्त मोठ्याने, जणू मोठ्याने बोललं की पोचेल. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तो परेशच्या शिव्यांचा नाय बोलाय पायजे होता."

संध्याकाळी माणसं यायला लागली. भावकीतली, शेजारची, परेशच्या कामावरची दोघं. परेश आला तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं. तो जिन्याकडे निघाला, मी थांबवलं. केक कापून झाला. मितालीने मेणबत्तीकडे टक लावून बघितलं, फुंकायला मात्र तयार होईना. विझवायचं कशाला, असा तिचा चेहरा. बाबा अजून वरच होते. टेबलावरचा प्रोजेक्टर एखाद्या न जेवलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. कुणीतरी बाबांचं नाव घेऊन विचारलं, "तुळशीरामदादा कुटं? सिनेमा हाय ना?" मी सांगणार होते, मशीन बिघडलं. वाक्य तोंडात तयार होतं.

तेवढ्यात बाबा खाली आले. डोळे लाल होते, अंगात धुतलेला सदरा होता. एका हातात रिळाचा डबा, दुसऱ्यात कसल्याशा जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा कापलेला तुकडा. गच्चीवर बसून कापला असावा.

"हरेश, काळी टेप दे." पुठ्ठ्याला टेप लावून त्यांनी तो डोळ्यावर झाकणासारखा बसवला. दिव्यापासून लांब, भाजणार नाही असा. "आता वाडव."

हरेशने बटण वर केलं. भोंगा नव्हता. नुसती बारीक खसखस होती, तवा तापल्यासारखी. बाबांनी रीळ चढवलं, दात्यांतून फिल्म ओवली. मग मिक्सरकडे बघत राहिले.

"ह्यो फिरव."

"काय फिरवू?"

"मिक्सर. दिव्यांचं तोंड तिकडं कर. पोरीकडं."

"काका, मंग मी कशावर बगू?"

"तुला कान हायत ना? त्यांनी चालव."

हरेशने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मिक्सर उलटा फिरवला. आता बटणं त्याच्याकडे उलटी होती. टेबलावरून ओणवा होऊन, हात लांब करून तो उभा राहिला. भावकीतल्या एका काकूंनी विचारलंच, "ह्यो उलटा का ठेवलाय रं?"

बाबांनी मितालीला उचललं, मिक्सरसमोरच्या खुर्चीवर बसून मांडीवर घेतलं. "माज्या नातीला आयकाय येत नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मशीन लावनार हायत. लागंल तेवा लागंल. आज तिचा वाडदिवस हाय, म्हनून तिला दिसंल असा ठेवलाय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. 'बिचारी' त्यांच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. बाबांनीही बघितलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "भोंगा हिनंच शोदला आज. हरेशला इचार."

"खरा हाय," हरेश म्हणाला. "मी अर्थिंग अर्थिंग करीत बसलेलो."

मशीन सुरू झालं. भिंतीवर पांढरी मिठागरं आली, पाय आले, फळी ओढणारी माणसं आली. पण फिकट, धुवून काढल्यासारखी. मागून कुणी म्हणालं, "दिसत नाय काय. ट्यूब बंद करा ना."

ट्यूबचं बटण माझ्या खांद्यापाशी होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मितालीकडे. ती बाबांच्या मांडीवर होती, तिचा एक हात त्यांच्या गळ्यावर होता, आणि समोर चार हिरवे दिवे हलत होते. बाबा माझ्याकडे बघून काही म्हणाले नाहीत. बंद कर म्हणाले असते तर कदाचित मी नाही म्हटलं असतं.

मी बटण दाबलं आणि तिच्या किंचाळीची वाट बघितली.

अंधारात मिक्सरच्या दिव्यांचा हिरवा उजेड बाबांच्या चेहऱ्यावर पडला. मितालीने मान वर करून त्यांना बघितलं. ते होते. तिने पुन्हा दिव्यांकडे बघितलं.

आणि मग भिंतीवर लग्नाचा मांडव आला, आणि कपाळाला हळद लावलेली एक ठेंगणी, काळी, रुंद जबड्याची बाई. तिने तोंड उघडलं. पाच वर्षं मी ज्याच्याबद्दल ऐकत होते तो आवाज हॉलमध्ये उभा राहिला. गोड वगैरे नव्हताच. भरड होता, पुकारा केल्यासारखा. हिरवे दिवे एका दमात वर गेले, पिवळाही लागला, ती ओळ सोडून श्वास घेई तेव्हा कोसळले, पुन्हा चढले. मागे सासूबाई आणि काकू पुटपुटत तिच्याबरोबर गायला लागल्या. बाबांच्या गळ्यातूनही घुमत होतं.

मितालीचा हात तिथेच होता, त्यांच्या गळ्यावर. ती दिव्यांकडे बघत होती, मग भिंतीवरच्या त्या उघड्या तोंडाकडे, मग पुन्हा दिव्यांकडे. दिवे कोसळले की थांबायची. चढले की तिने स्वतःचं तोंड मोठं उघडलं आणि बारशाला काढला होता तसाच, जिवाच्या आकांताने आवाज काढला.

"शूऽऽ," कुणीतरी म्हणालं.

"असू दे," हरेश अंधारातून म्हणाला, आणि मालूचा आवाज जरासा वाढवला.